नावेचा ठेका

तळोद्याच्या कचेरीत तेव्हा मी उमेदवार कारकून.
वय एकोणीस, बोटांना शाई, पगार अजून ठरायचा.
साहेबांनी ब्लेड दिलं, म्हणाले,
शिक्क्यावरचं मुंबई खरवड, नवा येईपर्यंत.
मी खरवडलं. रबराचा भुगा टेबलावर पडला,
तो फुंकला.
राज्य आमच्याकडे असं आलं.

मग आठवडाभर गावं सोडवली.
राहणारी लाल रुमालात, जाणारी पांढऱ्या.
सातबारा, वसुली, मोहाच्या झाडांची मोजणी,
एका गावात तर फक्त एका विहिरीचा तंटा,
तोही पांढऱ्या रुमालात गेला,
विहीर बिचारी कुठे जाणार.
जातऱ्या वळवी कोतवाल गठ्ठे गाडीत रची,
हातावर तोलून म्हणे, हे हलकं आहे,
इथली माणसं कागदावर आलीच नाहीत.

एका गठ्ठ्याला रुमाल सापडेना.
अलीकडचा काठ एका यादीत,
पलीकडचा दुसऱ्या,
आणि मधलं तापीचं पाणी
कुठल्याच यादीत नव्हतं.

त्याच दुपारी झेंडू भोई आला,
मेणकापडातून गेल्या सालची पावती काढली,
एकेचाळीस रुपये, सही, तारीख,
आणि माझ्यापुढे धरली.
"ठेका कोनाकडे भरू, भाऊ?"

मी धुळ्याला लिहिलं.
धुळ्याने सुरतेला.
सुरतेचं उत्तर आलं गुजरातीत,
ते झेंडूच्या बायकोने वाचलं,
माहेर व्याऱ्याचं, चौथी शिकलेली.
वाचून ती हसली. त्यात एवढंच होतं
की आपलं पत्र मिळालं.

संध्याकाळच्या नावेत सुकलाल भावसार गुरुजी असत,
पलीकडच्या शाळेतून परतणारे, धोतर गुडघ्यावर.
त्या दिवशी सातवीला भूगोल झाला होता
आणि तो त्यांच्या तोंडातून अजून उतरला नव्हता.
पृथ्वीच्या पल्याड एक नदी आहे, झेंडू,
आपल्या तापीसारख्या कितीतरी तिला मिळतात.
तिच्या काठचा सगळा मुलूख फ्रेंचांचा.
त्यांना लढाईला पैसा हवा होता,
विकून टाकला एका कागदावर.
नऊ वर्षांनी मुखाकडचा तुकडा राज्य झाला.
कायदा जुना, भाषा जुनी, निशाण नवं.
न्यायालयात म्हणे दोन-दोन भाषांत भांडत.

झेंडूने वल्हं थांबवलं.
नाव जराशी खाली वाहिली.
डांगरवाडीतला कंदील मागे सरकला.
"तठला भोईनं काय व्हयनं?"

गुरुजी गप्प.
पुस्तकात ते नव्हतं.
मी गुडघ्यावरच्या फायलीकडे पाहिलं,
तिच्यातही नव्हतं.

दोन सालं त्याने ठेक्याशिवाय नाव चालवली.
दर मार्चअखेर एकेचाळीस रुपये
डालड्याच्या डब्यात टाकी,
डबा छपराच्या वाशाला टांगलेला,
सरकार आलं तर हाताशी असावं म्हणून.
एका भादव्यात वासा गेला, छप्पर गेलं,
डबा तीन कोस खाली सापडला,
कोणत्या राज्यात, ते मी विचारलं नाही.

नंतर पूल झाला.
निवृत्तीच्या साली अभिलेख कक्षात
ती फाईल हाती लागली, वाळवीने कडा खाल्लेली,
शेवटची टिप्पणी माझ्याच अक्षरात:
निर्णय झाल्यावर कळविण्यात येईल.
खाली तो शिक्का.
खरवडलेल्या जागी एक फिकट ओरखडा,
नखाने चाचपला तर अजून लागतो.

झेंडूने माझ्याकडून कधी उतार घेतला नाही.
पहिल्यांदा मी दोन आणे पुढे केले
तर हात मागे घेतला त्याने,
वल्हं पाण्यात घालता घालता म्हणाला,
"तू सरकार शेस.
कोनतं, ते ठरनं का मंग दे."